सुताराच्या लेकीसाठी उघडलेला पोर्ट

जबड्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका माणसाचं नाक फोडत होता. क्लबच्या मागच्या खोलीत बॉक्सिंगचा सराव चालला होता. समोरचा गडी "पुरे, पुरे" म्हणत दोरीला टेकला होता, नाकातून रक्ताची धार लागली होती, तरी याचे हात चालूच. शेवटी दोघांनी मिळून त्याला मागं ओढलं. तेव्हा हातमोज्याची नाडी दातांनी सोडत तो शांतपणे म्हणाला, "तो पुरे म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही." मला वाटतं, ते खरं असावं. मारायला लागला की त्याचे कान बंद व्हायचे.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. वेळेला पक्का माणूस म्हणून क्लबनं मला फेऱ्यांची घंटा वाजवायला बोलावलं आणि मी ती तेवीस वर्षं वाजवली. लिहिण्याची मला सवय नाही. जन्मभर पावत्यांवर 'काच बदलली', 'पट्टा बदलला' एवढंच लिहिलं. हे कितपत जमेल ठाऊक नाही, पण जबड्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, आणि त्या दिवशी मी खोलीत होतो.

जबडा हे नाव त्याला एका सामन्यात जबडा मोडल्यावर पडलं. तारेनं बांधून तो जुळवला, पण जरा वाकडाच जुळला. घास चावताना कट् कट् वाजायचा. वहिनी म्हणायच्या, "हे जेवायला बसले की घरात कोणी दार लावतंय असं वाटतं." वहिनी म्हणजे त्याची बायको. त्यानं लग्नानंतर एकदाच त्यांच्यावर हात उचलला. वहिनींच्या हातात तेव्हा कपड्यांची गरम इस्त्री होती. त्यांनी ती त्याच्या पायावर टाकली. तो डाग अजून आहे. पुन्हा हात उचलला नाही, पण घरातली दोन दारं आणि एक आरसा त्यानं बुक्क्यांनी फोडला.

आता जबड्याच्या शेवटच्या सामन्याचं सांगायला हवं. एकतीस वर्षं झाली. समोर एक सुतार होता. दिवसभर रंधा मारून संध्याकाळी सराव करणारा, सडपातळ, पायानं चपळ. पाचव्या फेरीपर्यंत त्यानं जबड्याला नुसता नाचवला आणि दोनदा त्याची भुवई फोडली. जबड्याच्या डोळ्यात रक्त उतरत होतं. तीन मिनिटं झाली, मी घंटा वाजवली. सुतारानं हात खाली घेतले आणि तो आपल्या कोपऱ्याकडं वळला. जबडा त्याच्यावर धावून गेला आणि त्यानं तीन ठोसे मारले. पहिला कानामागं, दुसरा हनुवटीवर, तिसरा तो पडत असताना. सुताराचं डोकं फळ्यांवर आपटलं. तो आवाज मी कशासारखा म्हणून सांगू? सांगत नाही. दोन दिवसांनी तो दवाखान्यातच वारला. घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी.

चौकशी झाली. क्लबच्या माणसांनी कागद आधीच तयार ठेवला होता. सुतारानं घंटा व्हायच्या आत हात खाली घेतले, चूक त्याची, असं त्यात होतं. मला कोणी मारलं नाही, धमकावलंही नाही. नुसतं म्हणाले, सही कर. मी केली.

जबडा त्यानंतर रिंगमध्ये उतरला नाही. टेलिफोनच्या ऑफिसात तारा ओढायच्या कामाला लागला. खांबावर चढायचं, खाली उतरायचं, घराघरात नंबर जोडून द्यायचे. क्लब त्याच्या धाकट्या भावाकडं गेला. हा धाकटा त्या सामन्यात जबड्याच्या कोपऱ्यात पाणी आणि टॉवेल घेऊन उभा होता. त्यानं क्लब चांगला वाढवला. सामन्याबद्दल दोघं भाऊ कधी बोलले नाहीत.

काही महिन्यांपूर्वी जबड्याला एक फोन आला. बाई दूरच्या शहरात, हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्याच्या कामाला होती. म्हणाली, "मी त्या सुताराची मुलगी. आई सांगते, बाबांना घंटा कळली नाही, वेंधळेपणानं हात खाली सोडून उभे राहिले. चौकशीच्या कागदातही तेच आहे. तुम्ही समोर होतात. तसंच झालं होतं का?"

जबड्यानं फोन ठेवून दिला आणि सरळ माझ्या दुकानात आला. तोंड पांढरंफटक. म्हणाला, "घड्याळ्या, टेप माझ्याकडं आहे."

"कुठली टेप?"

"सामन्याची. क्लबच्या कॅमेऱ्यातली. त्याच दिवशी शर्टाखाली घालून घरी नेली होती."

"एकतीस वर्षं?"

"जाळायला काढायचो, आणि परत ठेवायचो."

टेप त्यानं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. आधी इंटरनेटवरच्या एका मोठ्या ठिकाणी चढवली, तर तासाभरात त्यांनी काढून टाकली. फार हिंसक आहे म्हणाले. मी म्हटलं, बरंच झालं, तिला फाइल पाठवून दे फोनवर. त्यावर तो चिडला. "फाइल पाठवली की ती चार ठिकाणी फिरते. लोक तिच्या बापाचं मरण चहा पिता पिता बघतील. तिनं माझ्या दारात येऊन बघावं, मी समोर असताना. ती येऊ शकत नाही, तर मी दार तिच्यापर्यंत नेतो."

आणि मग तो त्या पोर्टच्या मागं लागला. एरवी माणसांच्या मागं लागायचा तसाच. महिनाभर पुस्तकं वाचली, राउटरला शिव्या घातल्या, एकदा कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. मला त्यानं समजावलं ते असं. घरातला राउटर म्हणजे दारावरचा पहारेकरी. घरातून कोणी बाहेर गेलं तर जाऊ देतो, पण बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाला हाकलून देतो. त्याला हुकूम द्यावा लागतो की, अमुक क्रमांकाच्या दारावर कोणी टकटक केली तर त्याला थेट अमुक नंबरच्या यंत्राकडं नेऊन सोड. तो दाराचा क्रमांक म्हणजे पोर्ट. घरातल्या कॉम्प्युटरला राउटरनं दोन नंबर दिला होता. बाहेरून येणाऱ्याला दोन नंबरकडं ने, असा हुकूम जबड्यानं लिहिला. इंटरनेटच्या कंपनीला अर्ज करून घराचा बाहेरचा पत्ताही कायमचा करून घेतला.

"आतला हा दोन नंबर बदलत नाही ना?" मी भीत भीत विचारलं. मला यातलं काही कळत नाही, पण घड्याळवाल्याला शंका येतातच.

"तीस वर्षं तारा ओढल्यात मी," तो म्हणाला. "एकदा घराला दिलेला नंबर घराचाच. माणूस मेला तरी नंबर बदलत नाही."



रस्त्यावर उभं राहून मी माझ्या फोनवर तपासून पाहिलं. पत्ता टाकला, आणि त्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून तो सामना माझ्या तळहातावर चालू झाला. माझा घंटेवरचा हात दिसायच्या आतच मी बंद केला.

सुताराच्या मुलीला त्यानं रविवार सकाळचे दहा कळवले. आणि मग धाकट्यालाही स्वतःहून सांगितलं. पाठीमागं करायचं नाही म्हणे. दोन दिवसांनी भर दुपारी खिडकीतून वीट आली. वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. काच त्यांच्या दंडात घुसली, सहा टाके पडले. कोणी मारली ते कळलं नाही, म्हणजे कळलं होतं पण कोणी बोललं नाही. जबड्यानं खोलीच्या कपाटावर दाराकडं तोंड करून एक स्वस्तातला कॅमेरा बसवला. तो तारेशिवायच राउटरला जोडलेला. फोनवर खोली दिसायची. त्याला पासवर्ड घाल म्हटलं तर म्हणाला, "घरातल्या घरात कसलं कुलूप?"

रविवारी साडेनऊला मी गेलो. कॉम्प्युटर, राउटर आणि कॅमेरा विजेच्या एकाच लांब बोर्डावर लावलेले. जबडा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता, मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखा. पावणेदहाला धाकटा आला. एकटाच.

"दादा, ती तार काढ."

"बस आधी."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्यानं बोला," वहिनी म्हणाल्या, "पण बूट बाहेर काढून. आत्ता फरशी पुसलीय."

धाकट्यानं बूट काढले नाहीत. "त्या टेपमध्ये काय आहे माहीत आहे ना तुला?"

"मी मारलेलं आहे."

"आणि माझा आवाज आहे! घंटा होते, आणि मी कोपऱ्यातून ओरडतो, 'संपव त्याला.' ऐकलंयस ना? क्लबात तीस पोरी-पोरं शिकतात माझ्याकडं. त्यांच्या आया मला सर म्हणतात."

"तू ओरडला नसतास तरी मी मारलं असतं."

"हे टेप सांगणार आहे का? टेपमध्ये मी ओरडतो आणि तू मारतोस."

"जगाला नाही दाखवत. एका मुलीला दाखवतोय. तिच्या बापाला वेंधळा म्हणतात."

"म्हणू देत! मेला तो. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"वीट तूच मारलीस?"

धाकटा वहिनींच्या दंडाकडं बघायला तयार होईना. "खिडकीला मारली होती," तो म्हणाला.

जबडा उठायच्या आत धाकट्यानं वाकून सगळा बोर्ड भिंतीतून उपटला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. राउटरचे दिवे गेले. जबड्यानं त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली की तो कपाटावर आदळला. पण धाकटा सात वर्षांनी लहान, आणि रोज सराव करणारा. त्यानं वळून थोरल्याच्या बरगड्यांत दोन ठोसे घातले. मोडल्याचा आवाज मला माझ्या खुर्चीवर ऐकू आला. जबडा गुडघ्यावर बसला. धाकट्यानं बुटाची लाथ त्याच्या खांद्यावर घातली, मग मानेवर. "म्हातारा झालास! कळत नाही तुला! घर बुडवशील!" प्रत्येक वाक्याला एक लाथ. जबड्याच्या तोंडातून रक्ताची लाळ फरशीवर सांडली. मी चहाचा कप हातात धरून उठून उभा राहिलो. मध्ये पडलो नाही. ते माझ्याच्यानं कधी झालं नाही.

वहिनी ओरडल्या नाहीत. "मारा एकमेकांना गुरासारखं," म्हणाल्या आणि भिंतीकडनं सरकत जाऊन त्यांनी बोर्ड परत लावला. राउटरचा हिरवा दिवा लुकलुकला.

जबड्यानं धाकट्याची लाथ हवेतच पकडली. पाय पिरगळून त्याला आडवा केला आणि छातीवर बसला. आणि मग एकतीस वर्षांपूर्वीचा तो माणूस मी पुन्हा पाहिला. चौसष्ट वर्षांचा, एक डोळा सुजलेला, आणि हात मात्र यंत्रासारखे. डावा, उजवा, डावा. धाकट्याचा ओठ फाटला, पुढचा दात त्यातून बाहेर आला. त्यानं दोन्ही हात फरशीवर टाकले. "बस दादा. बस." जबड्याला ऐकू गेलं नाही. त्यानं आणखी एक मारला. मग आणखी एक. धाकट्याचं डोकं फरशीवर आपटायला लागलं.

दहा वाजले होते. टेबलावरचा फोन वाजला. वहिनींनी तो उचलून मोठ्या आवाजावर टाकला.

"काका?" सुताराच्या मुलीचा आवाज. "तुम्ही दिलेला पत्ता उघडला. हे काय दिसतंय? एक खोली आहे. कोणीतरी खाली पडलंय."

जबड्याचा हात वर होता.

"त्याचे हात खाली आहेत," ती म्हणाली. मग किंचाळली. "काका, त्याचे हात खाली आहेत! मारू नका!"

ते मात्र त्याला ऐकू गेलं. मूठ वरच राहिली. त्यानं मान वळवून कपाटावरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि त्या पलीकडं कोण बसलंय ते त्याला कळलं असावं. तो धाकट्याच्या अंगावरून उतरला आणि कुशीवर पडून राहिला.

झालं होतं ते असं. बोर्ड उपटल्यावर राउटर आपले सगळे नंबर विसरला. परत वीज आल्यावर जो आधी जागा झाला त्याला त्यानं पहिला मोकळा नंबर दिला. जुनाट कॉम्प्युटर उठायला चार मिनिटं घ्यायचा, कॅमेरा अर्ध्या मिनिटात उठला. दोन नंबर कॅमेऱ्याला गेला. पहारेकऱ्यानं आपला हुकूम चोख पाळला. मुलीला दोन नंबरकडं नेऊन सोडलं.

जबडा हे सगळं रांगत रांगत शोधून काढेपर्यंत आठ मिनिटं गेली. "नंबर बदलला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "दिलेला नंबर बदलला यानं." बोटं सुजली होती, कळ दाबायला गेला की दोन एकदम दाबल्या जायच्या. वहिनी बोर्डासमोर स्टूल टाकून बसल्या. धाकटा तिथून दोन हातांवर होता. मनात आणलं असतं तर पुन्हा उपटता आला असता. तो तोंडाला टॉवेल लावून नुसता बघत राहिला. कॉम्प्युटरला आता तीन नंबर मिळाला होता. जबड्यानं हुकुमातला दोन खोडून तीन केला.

"आता उघड, बाळ."

पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. कोणी आत आलं की उमटायची तशी. आम्हाला तिकडचं काही दिसत नव्हतं, फक्त फोनमधून सामन्याचा गलका यायचा. मग माझी घंटा. मग धाकट्याचा तरुणपणीचा आवाज, "संपव त्याला!" धाकट्यानं टॉवेल डोळ्यांवर ओढला. मग ते तीन आवाज, आणि चौथा, फळ्यांचा.

ओळ पुन्हा उमटली. तिनं चार वेळा पाहिलं.

"घंटा कोण वाजवत होतं?" तिनं विचारलं.

मला वाटलं जबडा सांगेल. तो सांगेना. "मी," मी म्हटलं.

"ते हात खाली घेतात त्याच्या आधी वाजली ना?"

"आधी वाजली."

"मग कागदात तसं का आहे?"

"माझी सही आहे त्यावर," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं."

मग ती म्हणाली, "आई अजून आहे. एकतीस वर्षं ती बाबांना मूर्ख म्हणत आलीय. मी दुपारी तिच्याकडं जाऊन दाखवते. बंद करू नका." आणि फोन ठेवला.

वहिनींनी दवाखान्याची गाडी बोलवायचं काढलं. जबडा म्हणाला, नाही. वीज गेली, तार हलली, परत नंबर फिरला, तर कोण बघणार? तो भिंतीला टेकून कॉम्प्युटरपाशी बसला. श्वास घेतला की ओठ पांढरे पडायचे. धाकट्यालाही वहिनींनी जा म्हटलं. तो गेला नाही. वहिनींनी बर्फाची एक पिशवी फोडून दोघांना अर्धी अर्धी दिली. दिवसभर दोघं भाऊ एका भिंतीला टेकून बसले, मध्ये हातभर जागा सोडून, आणि बोलले मात्र एकदाच. धाकटा म्हणाला, "माझा आवाज बारीक होता तेव्हा." जबडा म्हणाला, "हं."

साडेतीनला ओळ उमटली. तिच्याच फोनवरून. मग लगेच दुसरी. तिसरी यायला वीस मिनिटं लागली. जबडा टेबलावरच्या फोनकडं बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो. मी घड्याळवाला, पण त्या खोलीत मला वेळ कळेनासा झाला.

फोन वाजला नाही. पावणेपाचला एक संदेश आला. वहिनींनी वाचून दाखवला.

"आईनं पाहिलं. आता बंद करा."

"आणखी?" जबड्यानं विचारलं.

"एवढंच आहे."

"खाली बघ. खाली काही असेल."

वहिनींनी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं एका डोळ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. मग टेबलाचा आधार घेऊन गुडघ्यावर उभा राहिला आणि हुकुमाची ती ओळ त्यानं स्वतः पुसली. कोपऱ्यातल्या ओळी थांबल्या. तसाच टेबलाला धरून तो म्हणाला, "आता बोलवा गाडी."